शेवटचा क्षण दाखवा

आमचे सर बोलता बोलता कानाशी चुटकी वाजवायचे आणि विचारायचे, "वाजायच्या आधीचा शेवटचा क्षण कुठला? दाखव." कोणालाच दाखवता यायचा नाही. तुम्हीही करून पाहा. कुठलाही क्षण धरा, त्याच्या आणि चुटकीच्या मध्ये आणखी एक सापडतोच.

धर्मगुरू होणाऱ्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवण्यात सरांनी जन्म काढला होता. मिस्साच्या विधीत भाकर प्रभूचं शरीर होते ती नेमकी कुठल्या क्षणी, यावर मध्ययुगातले पाद्री पंडित कसे भांडले, हे ते काल घडल्यासारखं सांगायचे. निवृत्तीनंतर ऐकायला मुलं उरली नाहीत. मग सिडकोहून रिक्षाने चर्चला यायचे, बाप्तिस्म्याची वही लिहायचे आणि आमचं डोकं खायचे. तुमचा चहा कुठल्या क्षणी गार झाला, असं मी चिडवलं की वैतागायचे. म्हणायचे, तो हळूहळू होतो, मी एकदम होणाऱ्या गोष्टींबद्दल बोलतोय.

मी नर्स. आमच्याच चर्चची, शेंद्र्याच्या कंपनीत कामाला जाणारी एक बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. लेकरू निळं पडत चाललं होतं. फादर येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, आणि अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. मी लेकराचं नाव घेऊन त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. लेकरू गेलं. पाणी आधी की मरण आधी, मला कळलं नाही.

चर्च कमिटीच्या अध्यक्षांनी नेमकं तेच विचारलं. लेकरू आधीच गेलं असेल तर बाप्तिस्मा झाला नाही, मग वहीत नाव कशाला? मी म्हणाले, नक्की सांगता येत नाही. त्या प्रामाणिकपणाचा मला आजही संताप येतो, कारण लेकराची आई शेजारीच उभी होती.

"मला दुसरं कायी नको," ती म्हणाली. "लेकराचं नाव तेवढं वहीत ऱ्हाऊ द्या."

सरांनी अध्यक्षांच्या तोंडासमोर चुटकी वाजवली. "मरणाला पहिला क्षण असतो. जगण्याला शेवटचा क्षण नसतो. तुम्हाला दिसला असेल तर दाखवा, नाहीतर गप बसा."

फादरांनी वही सरांकडे सरकवली. सरांनी नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत वहीला कोणाला हात लावू दिला नाही.

सर जाऊन वर्ष होत आलं. वही आता मी सांभाळते. परवा जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर घेत होते, तर अध्यक्ष शेजारी येऊन बसले. "बाई, ती एक नोंद ऱ्हाऊ द्या, कॉम्प्युटरवर नका घेऊ. आता भांडायला सर नायत," म्हणाले आणि वही मिटून मांडीवर घेतली.

मी चुटकी वाजवायला गेले, ती वाजलीच नाही.

"पाणी पडलं तेव्हा लेकरू जिवंत होतं," मी म्हणाले. "घालणारी मी होते. आणा ती वही."

त्यांनी दिली. सरांच्या तिरक्या अक्षरातलं ते नाव मी एकेक अक्षर बघून टाइप केलं.