आईची हाक आणि रस्त्यात बसलेली मेंढरं

हे लिहू की नको करत दोन महिने गेले. मी सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं असेल कदाचित, पण असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचे. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही, खरं सांगते, मनात कारणं शोधत असायचे. माझ्या बाबतीत जे घडलं त्याचं कारण मात्र मला सापडलेलं नाही... केस चालू आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

आम्ही जत तालुक्यातले धनगर. दिवाळीनंतर आमच्याकडं चारा संपतो, मग आबा, म्हणजे माझे वडील, दोनशे मेंढरं घेऊन पश्चिमेकडं येतात. या वर्षी तळ शिराळा तालुक्यात होता, महामार्गापासून तीन-चार किलोमीटर आत. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी आम्हाला बोलावून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. आमच्यात एक रीत आहे – ज्याच्या रानात मेंढरं बसली, त्याच्या कामाला नाही म्हणायचं नाही, आणि त्याच्या पोत्यात डोकावायचं नाही.

ते रान एका बाहेरच्या माणसानं भाड्यानं घेतलं होतं. कोपऱ्यात पत्र्याची शेड. आत हळद दळतो म्हणायचा. आम्ही त्याला शेडवाले साहेब म्हणायचो. बोलायला गोड. मेंढरांसाठी पाण्याची मोटार चालू करून द्यायचा, आबांना चहा पाठवायचा.

कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी चार दिवसांसाठी तळावर गेले होते. पहिल्याच दिवशी वारा शेडकडून आला आणि मला वास आला. हळदीचा नव्हे. उग्र, नाकात चढणारा – आमच्या लॅबमध्ये येतो तसा. आबांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि गप्प बसले. म्हटलं, चार पुस्तकं वाचली म्हणून शहाणपणा कशाला शिकवायचा? माझंच काहीतरी चुकत असेल.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई जाऊन दोन वर्षं झाली. संध्याकाळी मेंढरं बसवायची ती तिनंच. "टेका गं बायांनो, टेकाऽऽ" अशी लांब हाक द्यायची. तिचा पुढचा एक दात पडला होता, त्यामुळं हाकेच्या शेवटी बारीक शीळ निघायची. ती शीळ आली की अख्खा कळप मटकन बसायचा. ती गेल्यावर आबांनी, दादानं, मी, सगळ्यांनी तशी हाक देऊन बघितली. एक मेंढरू ऐकेल तर शपथ. आता आबा काठी घेऊन अर्धा तास फिरतात तेव्हा कुठं कळप बसतो.

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बिरूदादा – माझा मोठा भाऊ – पिकअपमध्ये दहा कोकरं भरत होता, लोणंदच्या बाजारासाठी. तेवढ्यात शेडवाले साहेब आले.

"बिरू, जातोयस तर तीन पोती हळद टाक. साताऱ्याच्या अलीकडे आपला माणूस उतरवून घेईल. फोन करील तो."

"टाका की सायेब, इचारताय काय."

पोती खाली, वर वैरण, त्यावर कोकरं. दादा गाडीत बसला, काच वर केली, गाणी लावली. साहेब शेडकडं परतले आणि आत चक्कीची घरघर सुरू झाली. मी बांधावर उभी होते आणि पुन्हा तोच वास आला, या वेळी गाडीतून. गाडी कच्च्या रस्त्याला लागली...

आणि मला हाक ऐकू आली.

"टेका गं बायांनो, टेकाऽऽ" – आणि शेवटी शीळ.

मागं वळून बघितलं. कुणी नाही. पण पलीकडच्या रानात चरणाऱ्या सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या होत्या. एका क्षणात कळप सुटला, बांध ओलांडून रस्त्यावर आला आणि पिकअपच्या पुढं बसला. दोनशे मेंढरं. भर दुपारी, धुरळ्यात, अगदी चाकापर्यंत.

दादानं हॉर्न वाजवला. खाली उतरून ओरडला. "आबा, काय याड लागलंय का ह्यास्नी?"

आबा काठी आपटत आले. कुत्रं भुंकून दमलं. दोघांनी एका मेंढीला उचलून बाजूला ठेवलं, तर ती परत येऊन तिथंच बसली.

"आबा, हाक ऐकली का तुमी?" मी विचारलं.

"कसली हाक?" आबांना एका कानानं कमी ऐकू येतं.

दादा वैतागला. "मागनं काढतो गाडी," म्हणून त्यानं जोरात रिव्हर्स घेतला. मागचं चाक खड्ड्यात गेलं, धक्क्यानं फाळका उघडला आणि एक पोतं खाली पडून फाटलं. हळद सांडली. हळदीच्या आत खाकी टेपनं गुंडाळलेली पाकिटं होती. एकाचा कोपरा फुटला होता, आत पांढरे खडे.

दादा खाली वाकला.

"हात लावू नको, दादा! ही हळद न्हाई. नशेचं हाय, एमडी असंल. चार दिस झालं मला वास येतोय."

"चार दिस? आन् आता सांगतीस व्हय गं, सोने?"

मी दादाचा हात धरून त्याला पाकिटांपासून मागं ओढलं.

आबांचा चेहरा पडला होता. "पोतं त्यांच्या दारात टाका आन् तळ उठवा. ज्याच्या रानात बसलो, त्याच्या विरोधात जायचं न्हाई."

"आबा, आपण बघितलंय हे कळल्यावर ते दादाला सोडतील का? गाडीचा नंबर हाय त्यांच्याकडं. आन् आज दादा न्हाई तर उद्या दुसऱ्या कुणाचा पोरगा नेईल ही पोती."

आबांनी एकदा शेडकडं बघितलं. मग मला म्हणाले, "तू शिकलीयास. लाव फोन."

मी तिथंच उभ्याउभ्या नंबर लावला. पोलिसांना सगळं सांगून मी फोन ठेवला... आणि मेंढरं उठली. कुणी उठवली नाहीत. अंग झाडून, जिथून आली होती तिथं जाऊन चरायला लागली.

वीस मिनिटांत पोलीस आले, कारण ते महामार्गावरच होते. तिथं नाकाबंदी लागली होती. त्यांना खबर मिळाली होती, कोकरांच्या पिकअपमधून माल जाणार आहे अशीच.

शेडवाल्याला मागच्या ओढ्यातून पळताना धरलं. एक अधिकारी आबांना म्हणाले, "बाबा, आणखी पंधरा मिनिटांनी हा पोरगा आमच्या नाक्यावर सापडला असता. मग 'मला माहीत नव्हतं' हे त्याचं कुणी ऐकलं असतं? पोती वाहणारा आत जातो आणि खरा मालक फोनच्या पलीकडंच राहतो."

दादाला दोन दिवस चौकशीला बसवलं. तिसऱ्या दिवशी तो साक्षीदार म्हणून घरी आला. त्याच्या जबाबावरून साताऱ्याकडचा माणूसही सापडला. वरचे अजून सापडलेले नाहीत, पण शोध चालू आहे.

मी कारणं शोधली. दादाच्या फोनवर आईच्या हाकेचा व्हिडिओ होता, पण तो फोन गेल्या वर्षी पाण्यात पडून गेला. मेंढरं उग्र वासानं बिथरली म्हणावं, तर बिथरलेली मेंढरं पळतात, बसत नाहीत. भास म्हणावा, तर तो मला झाला असेल. त्यांना कसा झाला?

आणि एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. चाकाला टेकून जी पुढं बसली होती ना, ती जवळजवळ सगळी गेल्या वर्षीची कोकरं होती. आई गेल्यानंतर जन्मलेली. त्यांनी ती हाक कधी ऐकलेलीच नव्हती.

आता दादा कुणाचंही पोतं असो, आधी तोंड सोडून बघतो. कुणी हसलं तर म्हणतो, "हसा. आमच्या आईची शिस्त हाय." आणि मी सुट्टीला तळावर गेले की संध्याकाळी हाक देऊन बघते. शीळ काही जमत नाही. ती गेल्या वर्षीची कोकरं माना वर करतात, माझ्याकडं बघतात आणि परत चरायला लागतात.

परवा त्यातलं एक बसलं.