हेलनआत्याची चिठ्ठी

जोएल साळवे सातवीत माझा विद्यार्थी होता. निबंधात पाल्हाळ नसायचं. विहिरीवर लिहायचं तर ती किती फूट खोल, हे आधी विचारून यायचा. पुढं त्यानं बेलापुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि टोपणनावानं ब्लॉग सुरू केला. आसपासच्या गावांत कागदावर पाणी आणि नळाला हवा असली, की तो तारीखवार लिहायचा. लिहिणारा कोण, हे चार वर्षं कुणाला कळलं नाही.

शेवटचा लेख एका नळयोजनेवर होता. नव्या पाइपांच्या जागी जुनेच रंगवून पुरले होते. फोटो योजनेच्या पाण्याच्या पंपावर कामाला असलेल्या गोरक्षनं दिले, त्याचं नाव कुठं येणार नाही या बोलीवर. लेखाखाली हातपाय तोडायच्या धमक्या आल्या. जोएलला हेलनआत्यानं वाढवलेलं. जेवताना तिनं विचारलं, "का रे, घास उतरंना?" आणि त्यानं सगळं सांगितलं. गोरक्षच्या नावासकट.

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतात. आजारी असो की परीक्षेला बसलेलं पोर, नाव घालायचंच, अशी रीत. चर्चचे कारभारी अब्राहाम वडील यांनी माइकवर हेलनआत्याची चिठ्ठी वाचली, "पाण्याच्या चोरीवर इंटरनेटवर लिहिणारा जोएल आणि त्याला फोटो देणारा गोरक्ष, यांना प्रभूनं शत्रूपासून सांभाळावं." सगळे जोरात आमेन म्हणाले. मीही म्हणालो. तिसऱ्या बाकावर त्याच नळयोजनेच्या ठेकेदाराचा मुकादम बसला होता.

"आत्या, काय केलंस हे?" घरी जोएलनं विचारलं.

"आरं, नाव घातल्याबिगर देवाला कसं कळनार, कुनासाठी मागते ते?"

"मग देवाला सांगायचं. त्याला माइक लागतो व्हय?"



बुधवारी गोरक्षचं काम गेलं. संध्याकाळी तो दुकानापुढं सायकल धरून उभा राहिला, आत आला नाही.

"लेखकसाहेब, तुमचं नाव चार वर्षं झाकलं. माजं चार दिस न्हाई टिकलं."

जोएलनं चिठ्ठीचा विषय काढला नाही. "मीच सांगितलं," तो म्हणाला.

"कुनाला?"

"घरात."

"मी बायकोलाबी सांगितलं नव्हतं," गोरक्ष म्हणाला आणि सायकल वळवून गेला.

तो लेख अजून ब्लॉगवर आहे. त्यानंतर जोएलकडे कुणी फोटो घेऊन आलेलं नाही.