बुडाचा लेप

धाकट्या दिरानं वहिनींचे सगळे मातीचे वाडगे बुडासकट चकाकीच्या लेपात बुचकळले. वर शीळही घालत होता.

वहिनींचं अर्धं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं. डोळे कुरकुरू लागले तशा त्या मातीकडे वळल्या, आणि घर मातीचं झालं. जेवणाच्या टेबलावर लेपाच्या बादल्या, त्यामुळे माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत. थोरल्या भावाचे जुने शर्ट वहिनींच्या अंगावर एप्रन होऊन निवृत्त झाले होते. आता कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या बाईंनी सूपसाठी वाडगे मागितले होते. पहिलीच ऑर्डर. जिन्यात भेटेल त्याला वहिनी ती बातमी थांबवून सांगत.

दीर मदतीला आला. वहिनींनी बजावलं होतं की बूड ओल्या स्पंजनं पुसून कोरं ठेवायचं. त्या फोनवर गुंतल्या तेव्हा याला वाटलं, बुडानं काय पाप केलंय? त्यांनी पुसलेल्या बुडांवरही त्यानं प्रेमानं ब्रश फिरवला. शिवाय "तुमचे गुडघे दुखतील" म्हणून भट्टीही स्वतःच भरली.

लेप भट्टीत वितळतो, त्याची काच होते, आणि ती जिथं टेकेल तिथं धरून बसते. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर रंग असा निळा उतरलेला की वहिनी लहान मुलीसारख्या हसल्या. त्यांनी एक वाडगा उचलला, तर त्याच्यासोबत भट्टीतली अख्खी फळीच वर आली.

"भट्टी जुनी झालीय बहुतेक," दीर म्हणाला. बोलला आणि कान तापले.

वहिनींनी छिन्नी आणली. पहिला वाडगा सुटला, पण बूड फळीवरच ठेवून. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. मग हॉटेलवाल्या बाईंना फोन लावला आणि सांगितलं, वाडगे वेळेवर मिळणार नाहीत, माझ्याच हातून चूक झाली.

माझ्याच हातून. दाराआड उभ्या दिराला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या चार शिव्या घालत्या तर निदान जेवण तरी गेलं असतं.

बऱ्याच वेळानं तो स्वयंपाकघरात गेला. खाली बघत म्हणाला, "भट्टीला उगाच नाव ठेवलं, वहिनी. बुडं मी रंगवली. नवे वाडगे कराल तेव्हा मदतीला येऊ ना?"

वहिनी नवी माती मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या की भाऊजी, फक्त हात घरी ठेवून या."