गोदावरीची ओटी

मी शिकवते त्या वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र पाहिलेला नाही. तरी बंगालच्या उपसागरासाठी भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या शाळा मिळून काम करणार म्हटल्यावर मी हट्टानं आमच्या शाळेचं नाव घातलं. पहिल्याच ऑनलाइन तासाला श्रीलंकेच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे समुद्र कुठे आहे?" प्रेमानंच विचारलं, पण मला झोंबलं. म्हटलं, गोदावरी, आमची गंगामाय, गावाला लागून वाहते आणि शेवटी त्याच समुद्राला मिळते.

मग तिकडच्या पोरांनी किनाऱ्यावर वेचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग दाखवला. तेव्हा आमची सातवीतली एक पोरगी उठली. तिच्या घरी उर्दू बोलतात. तिचे अब्बा जवळच्या कुंभार पिंपळगावच्या बाजारात बांगड्या आणि ओटीचं सामान विकतात. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं, की आमच्या बाया नदीची ओटी भरतात ती असल्याच पिशवीत घालून पाण्यात सोडतात, आणि पुढच्या तासापर्यंत ते बंद होईल.

अगं बाई! कुणाला विचारून? तीन देशांसमोर शब्द देऊन बसली होती. जमलं नसतं तर पोरगी खोटी पडली असती.

पिशवी का, तर खण भिजू नये म्हणून! नदीलाच द्यायचा आणि नदीपासूनच जपायचा, ही अक्कल फक्त आमच्या गावाची. त्यात सगळ्यात पुढं माझ्या सासूबाई.

पोरगी शाळा सुटली की घाटावर जाऊन उभी राहायची. बाया चिडवायच्या, "बाप इकतो अन् तू आडवती व्हय?"

"अब्बांनी पिशवी बंद केली, मावशी."

सासूबाई मात्र हटेनात. "भिजलेला खण बराबर दिसतो का?"

"आजी, गंगामाय तर ओलीच ऱ्हाती. मंग खण कोरडा कुणासाठी?"

सासूबाई ताट उचलून तरातरा निघाल्या. घरी येऊन राग माझ्यावर काढला. "लई बोलाया शिकवलं तुम्ही पोरींना!"

"हो, शिकवलंय," मी म्हटलं.

पुढचा तास घाटावरच घेतला, मोबाइलवरून. तिन्हीकडची पोरं बघत होती आणि घाट रिकामा. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन पायऱ्या उतरल्या. मागं सात-आठ बाया. एकीच्याही हातात पिशवी नाही. सासूबाईंनी तांदूळ आणि नारळ पाण्यात सोडला, खण बुडवून पिळला आणि पोरीच्या हातात दिला. "गंगामायला पोचला. आता तुझा. झंपर शिव."

मोबाइलवर टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरगी ओला खण छातीशी धरून रडतच हसत होती. खरं सांगते, त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या पोरांच्या निकालालाही वाटला नव्हता.

सासूबाईंनी माझ्या हातातला मोबाइल ओढून तोंडाजवळ धरला.

"पिशवी आता येणार न्हाई," त्या ओरडल्या. "नारळ आला तर खाऊन घ्या, लेकरांनो. आमचाच हाय."