सासूबाईंसाठी शाळा निवडताना

माझ्या सासूबाई राहात्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाल्या, आणि त्याच गावातल्या दुसऱ्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. घरात दोन शिक्षिका म्हटल्यावर वाद व्हायचेच. "इंग्रजीचे मास्तर निम्मा तास मराठीतच बोलतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते खरं असल्यामुळे मला फार लागायचं.

त्यांचे मोठे चिरंजीव, म्हणजे माझे दीर, बरीच वर्षं आयर्लंडमध्ये आहेत. त्यांची मुलगी तिथेच जन्मली आणि तिला मराठीचे जेमतेम चार शब्द येतात. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल असायचा. सासूबाई चष्मा पुसून, केस नीट करून मोबाईलसमोर बसायच्या. एका रविवारी ती पोरगी बराच वेळ इंग्रजीत काहीतरी सांगत होती. सासूबाई नेहमीसारख्या हसून मान हलवत होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "व्हेरी गुड, व्हेरी गुड." पोरीचा चेहरा उतरला आणि ती समोरून उठूनच गेली.

मी मागे भाजी निवडत होते. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं तिला?"

"आई, तिची मांजर मेली. ते सांगत होती ती."

त्यांनी फोन उलटा ठेवला आणि आत गेल्या.  तिसऱ्या दिवशी जेवताना आम्हा नवरा-बायकोला म्हणाल्या, "मला इंग्रजी शिकायचंय. तिकडं जाऊन शिकायचंय, शाळेत."

ह्यांना वाटलं, आई चेष्टा करतेय. मला मात्र ती चेष्टा वाटली नाही. मी म्हटलं, "त्यासाठी परदेशात कशाला जायला हवं? मी शिकवते की."

आम्ही करून पाहिलं. चार-पाच संध्याकाळी आम्ही पडवीत वही घेऊन बसलो. त्या एक वाक्य बोलायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. शेवटी त्यांनी वही मिटली. "तू चांगली शिकवतेस. पण सुनेसमोर चुकायला मला जमत नाही. आणि चुकल्याशिवाय येणार नाही. जिथं मला कुणी ओळखत नाही तिथंच मी चुकू शकेन."

 पेन्शन त्यांची स्वतःची, तब्येत ठणठणीत. ह्यांनी हात वर केले. शाळा शोधायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी.

मी कधी देशाबाहेर गेलेले नाही. इंग्रजी शिकवून केस पांढरे व्हायला लागले, पण इंग्रजी ज्यांची मायबोली आहे अशा माणसाशी मी समोरासमोर बोललेले नव्हते. शिर्डी इतकी जवळ, तरी तिथे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांशी दोन वाक्यं बोलायचंही धाडस केलं नव्हतं. आणि आता रोज शाळेतून आल्यावर, चहा घेऊन, लॅपटॉपवर मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या तिकडच्या शाळा बघत होते. सासूबाईंसाठी.

बऱ्याच चाळणीनंतर तीन उरल्या. एक दिरांच्या घरापासून वीस मिनिटांवर, मोठ्या शहरातली. फोटोत सगळी विशीतली पोरं, रंगीत खुर्च्या, कॉफीचे कप. दुसरी माल्टा नावाच्या बेटावरची, जिथे पन्नाशीपुढच्या लोकांसाठी वेगळा वर्ग होता, सकाळी शिकायचं आणि दुपारी सहली. तिसरी आयर्लंडच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावातली. दगडी इमारत, मोजके विद्यार्थी, आणि राहायची सोय गावातल्याच एखाद्या कुटुंबात. वर्गाच्या एका फोटोत खोल खिडकी होती, तिच्यात बसायला लाकडी फळी, बाहेर राखाडी समुद्र. त्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांसाठी पंधरा दिवसांचा एक वर्गही होता. ते पान मी रोज उघडत होते. सासूबाईंचा त्या पानाशी काही संबंध नव्हता, तरी उघडत होते. त्या खिडकीत मी मनानं किती वेळा बसून आले असेन.

एका संध्याकाळी सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. तिन्ही शाळा मी दाखवल्या. त्यांनी विचारलं, "तुला कुठली आवडली?"

मला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "तिन्ही चांगल्या आहेत."

"मास्तरीण ना तू? पेपर तपासताना सगळ्यांना सारखेच मार्क देतेस का?"

तेव्हा मी किनाऱ्यावरच्या शाळेवर बोट ठेवलं. का चांगली, तेही सांगितलं. वर्ग लहान, शिक्षक बरीच वर्षं तिथेच टिकलेले, आणि कुटुंबात राहिल्यामुळे दिवसभर इंग्रजी कानावर. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "तिथं कुणी मराठी माणूस आहे का?"

"दिसत तरी नाही."

"मग तीच."

इतक्या सहज! आठवडे घालवून, मनात जपून ठेवलेली ती जागा माझ्याच बोटानं मी त्यांना देऊन टाकली होती. 

दिरांना कळलं तेव्हा ते नाराज झाले. फोनवर म्हणाले, "आई, इथं पोराचं घर असताना तू लोकांच्या घरात राहणार? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या घरी आले तर मी स्वयंपाक करीन आणि तुझ्याशी मराठी बोलीन," सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी विमानात कशाला बसायचं? शाळा झाली की येईन तुझ्याकडं."

मला हसू आलं आणि रागही आला. इतकं स्पष्ट मला माझ्या घरात कधी बोलता आलं नव्हतं.

मग शाळेची तोंडी परीक्षा आली, कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवण्यासाठी. व्हिडिओ कॉलवर तिथली एक शिक्षिका, तांबूस केसांची, माझ्याच वयाची असावी. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून टेबलाशी बसल्या. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला स्टुलावर. तिनं विचारलं, काल तुम्ही काय केलं?

"यस्टरडे आय गो मार्केट," सासूबाई म्हणाल्या.

"वेंट," मी हळूच म्हटलं.

"वेंट मार्केट. आय बाय मेथी..."

"बॉट, आई, बॉट."

पडद्यावरची बाई थांबली. हसून विचारलं, खोलीत आणखी कुणी आहे का? सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि अभिमानानं सांगितलं, "माय डॉटर-इन-लॉ. इंग्लिश टीचर!" त्यावर ती बाई अगदी गोड आवाजात काय म्हणाली, तर मॅडमनी कृपया थोडा वेळ बाहेर थांबावं.

मी बाहेर गेले. माझ्या घरात, माझ्या विषयाच्या परीक्षेत मला वर्गाबाहेर काढलं होतं. स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून उभी राहिले. बंद दारातून सासूबाईंचा आवाज येत होता, तुटक, मोठा, चुकांनी भरलेला. आणि मग हसणं, दोघींचं. मेथीची जुडी विकत घेण्यात इतकं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. एका परदेशी बाईनं मला हसवावं, मी तिला हसवावं, हे मी किती वर्षं मनात धरून होते. ते या मराठीच्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत मिळवलं.

उन्हाळ्यात त्या गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, पायात पांढरे बूट. मुंबईच्या विमानतळावर ह्यांचे डोळे भरले. मी सासूबाईंच्या हातात औषधांची पिशवी दिली, गोळ्या कधी घ्यायच्या ते पुन्हा समजावलं. "नीट राहा" म्हटलं. मनापासून म्हटलं. पण काचेपलीकडे त्या बॅग ढकलत निघाल्या, एकदाही मागे न बघता, तेव्हा मला त्या पाठमोऱ्या बाईचा हेवा वाटला.

नंतर मोबाईलवर फोटो येऊ लागले. घरमालकीण बाई आणि त्या ओट्याशी, दोघींच्या हातात लाटणं. वर्गातले एक जपानी आजोबा, ज्यांना इंग्रजी सासूबाईंहून कमी यायचं आणि म्हणून त्यांच्याशी त्यांची गट्टी जमली होती. समुद्राकाठी छत्री उलटी झालेली. आणि एक दिवस त्या खिडकीतला फोटो. फळीवर पाय वर घेऊन सासूबाई बसलेल्या, मागे राखाडी पाणी. खाली लिहिलं होतं, "तू म्हणाली होतीस तशीच आहे जागा." मी फोन पर्समध्ये टाकला आणि नववीच्या वर्गावर गेले. त्या दिवशी मी पोरांवर विनाकारण चिडले.

स्टाफरूममध्ये तर रोज तेच. "काय म्हणतात तुमच्या सासूबाई? कमाल आहे हो बाईंची!" मी हसून मान हलवायची. शाळा कुणी शोधली, व्हिसाची कागदपत्रं कुणी लावली, हे एकानंही विचारलं नाही.

एका शनिवारी त्यांचा फोन आला. "हॅलो," म्हणाल्या, आणि पुढे इंग्रजीतच, सावकाश, "आज आपण इंग्रजीत बोलू या का? मला सराव हवाय."

मी "ओके" म्हटलं. आणि पुढे मला काही सुचेना. धडा समजावता येतो, व्याकरण येतं, कविता तोंडपाठ आहेत. पण आज काय केलं, मन कसं आहे, हे मी इंग्रजीत कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या चुकत माकत पाऊस, बस, घरमालकिणीचा कुत्रा असं बोलत होत्या आणि मी "येस, येस" करत होते. दोन मिनिटांनी मी म्हटलं, "आई, मराठीत बोला ना. रेंज नाही नीट." रेंज चांगली होती.

शाळा संपल्यावर त्या दिरांकडे गेल्या. तिथलं जाऊबाईंनी मला नंतर सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी सासूबाई नातीच्या खोलीत गेल्या, तिच्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, त्या दिवशी तू मांजरीचं सांगत होतीस आणि मला कळलं नाही, सॉरी. आता सांग. पोरीनं सांगितलं, पहिल्यापासून. दोघी बराच वेळ आत होत्या. जाऊबाई सांगताना रडत होत्या. मीही रडले. पण रडता रडता मनात एक वाकडा विचार आलाच. माझी दोन्ही मुलं यांच्या मांडीवर वाढली, रोजची समोर होती, त्यांच्यासाठी कधी असं समुद्रापलीकडे जावं लागलं नाही. म्हणून त्यांची अशी गोष्टही कुणी कुणाला सांगणार नाही.

त्या परत आल्या, आणि घरात बघ्यांची रीघ लागली. आमच्या शेतावर पेरू तोडायला येणाऱ्या मावशीसुद्धा पदर खोचून समोर बसल्या. "बाई, तिथं लई थंडी हुती का वं?" सासूबाई रंगवून सांगत. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी इंग्रजी मंडळाच्या उद्घाटनाला त्यांनाच पाहुण्या म्हणून बोलावलं. मंडळ मी चालवते. व्यासपीठावर त्यांना पुष्पगुच्छ मीच दिला.

त्या संध्याकाळी शेजारीण आली आणि जपानी आजोबांची गोष्ट पुन्हा सुरू झाली. मी हातातला चहाचा ट्रे आदळला. "पुरे आता, आई. किती वेळा तेच!"

शेजारीण पटकन उठून गेली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुला हेवा वाटतोय माझा."

मी नाही म्हणणार होते. तोंडातून निघालं, "हो. तुम्ही निघालात त्याच्या आधीपासून."

"मग तू का नाही गेलीस कधी?"

"मला कुणी विचारलं? कुणी म्हटलं, तू जा म्हणून?"

"मला तरी कुणी म्हटलं होतं?"

  त्यांनी जमिनीवर सांडलेला चहा स्वतःच पुसायला घेतला. मी फडकं ओढून घेतलं, त्यांनी सोडलं नाही. दोघी एकाच फडक्याला धरून बसलो होतो. "मुलांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात तुला सुट्टी असते. ते शिक्षकांचं काय होतं, पंधरा दिवसांचं? मी तिथं चौकशी करून आलेय."

म्हणजे मी ते पान रोज उघडत होते, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

माझा पासपोर्ट आला आहे. ह्यांना मान्य आहे, शाळेत रजेचा प्रश्न नाही. पुन्हा लॅपटॉप उघडून मी शाळा बघत बसते, आणि दुसऱ्यासाठी निवडताना जे पटपट ठरवता आलं ते स्वतःसाठी ठरवताना जड जातं. सासूबाई शेजारी खुर्ची ओढतात. "ती किनाऱ्यावरचीच घे. सगळे ओळखीचे आहेत. घरमालकीण तर तुझी वाटच बघतेय, मी सांगितलंय तिला."

शेवटी मी आयर्लंडच्याच दक्षिणेकडच्या दुसऱ्याच एका गावातली शाळा निवडली. तिला खिडकी नाही, समुद्रही नाही, फोटोत नुसतं पार्किंग दिसतं. सासूबाईंना वाईट वाटलं. का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं की तारखा जुळत नव्हत्या. खरं एवढंच आहे की त्या गावात मी पोचले असते तर पहिल्या दिवसापासून सगळे म्हणाले असते, अरे, त्या मराठीच्या बाई आल्या होत्या ना, ही त्यांची सून.