झोळीसकट जाळलं

मागच्या वर्षअखेरीला आमच्या गल्लीने दिग्नामावशीला जाळलं. म्हणजे तिच्या पुतळ्याला. आमच्या गुआयाकिल शहरात एकतीस डिसेंबरला जुन्या वर्षाचे कागदी पुतळे जळतात, आणि मावशीचं घर ते पुतळे करण्यावरच चालतं. तिचा पुतळा मात्र तिच्या नवऱ्याने, सेगुंदोने केला. तिच्याच कागदाचा, तिच्याच खळीचा. तोंड आ वासलेलं, मागे मोटर लावलेली. घुर्रघुर्र. रिवाजाप्रमाणे विधवेचा काळा झगा घालून त्यानेच पुतळ्याचं मृत्युपत्र वाचलं. "माझं घोरणं गल्लीला ठेवते. नवऱ्याला झोप ठेवते."

सगळे हसले. मावशीही हसली.

घरी तो म्हणाला, "ऑपरेशन कर, नाहीतर मी बहिणीकडे जातो राहायला."

दवाखान्यात मी सोबत होतो. झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "आधी रात्री हवेचा मास्क लावून बघा."

"मुखवटे मी जाळायला करते, डॉक्टर. कापायचं काय ते बोला."

नाकातला वाकडा पडदा सरळ करता येतो. टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ कमी करता येते. जबडाही पुढे आणता येतो.

"खूप दुखेल. घोरणं परतही येऊ शकतं."

"नाक करा, टाळू करा. जबडा राहू द्या, भांडायला लागतो."

कित्येक दिवस ती बर्फ आणि गार रसावर होती. घोटही रडत गिळायची.

मग एका दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, घुर्रघुर्र सुरू झालं. समोरच्या घरातून शेजारीण रोसाउरा ओरडली, "दिग्ना, टाके वाया गेले गं!"

मावशी दारात बसून खळ ढवळत होती. तोंड मिटलेलं. तिने नुसता अंगठा मागे केला. आत दोन भिंतींना टांगलेल्या झोळीत सेगुंदो घोरत पसरला होता. इतकी वर्षं दोघं एकाच वेळी झोपत, आणि घोरण्याचं नाव तिचं एकटीचं होई.

मावशीने खळीचं भांडं बाजूला सारलं. मला म्हणाली, "साहित्य शिकलास ना? यंदा त्याचं मृत्युपत्र लिही."

डिसेंबरभर तिने पुतळ्याला त्याचा चेहरा घडवला. तो घुटमळायचा.

"दिग्ना, नाक तरी सरळ कर."

"सरळ डॉक्टर करतात."

"मीपण कापून घेतो. आईशपथ."

"घे की. आधी जळून घे."

परवा, यंदाच्या एकतीसला, संध्याकाळी काळा झगा तिने घातला. मी लिहिलेले विनोद घडी करून पुतळ्याच्या खिशात घातले. एवढंच म्हणाली, "मी सेगुंदो, बायकोला माझी झोळी ठेवतो." पुतळ्याच्या पोटातून झोळीची दोरी लोंबत होती. तिने काडी ओढली.

गल्ली खिदळली. सेगुंदोही हसायला गेला. तेवढ्यात त्याला दारात आपली पिशवी दिसली, बांधून ठेवलेली.

"बहिणीकडे जायचं होतंस ना?" मावशी म्हणाली. "जा."