न वाचता मारलेली टिक

मित्रांनो, दुपारी मोठा घोळ झालाय, म्हणून इथे लिहितोय.

मी महूला टाइल्सच्या गोदामात काम करतो. राहायची खोली पण शेठजींचीच. मानपूरच्या एका फॅक्टरीत नोकरीसाठी मी गुपचूप फॉर्म भरला होता. भरला म्हणजे, सायबर कॅफेवाल्या भियाने (इकडे भाऊला भिया म्हणतात) भरला. मला इंग्रजी वाचता येत नाही. तो म्हणाला, "सब पे टिक मार देता हूँ, नहीं तो फॉर्म आगे नहीं जाएगा." मी पण म्हटलं, मार.

आज जेवायला बसलो तर शेठजींचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. त्या फॅक्टरीतली एक मॅडम माझं नाव घेऊन विचारत होती, हा तुमच्याकडे कधीपासून आहे, पगार किती, सोडतोय का.

शेठजी म्हणाले, "ये सब पूछने की परमिशन किसने दी आपको?"

"जी, उन्होंने खुद दी है."

तेव्हा कळलं, ही परवानगी त्या टिकांमधलीच एक होती. शेठजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "जा रिया है तो बता तो देता, भिया. शाम को खोली की चाबी दे देना."

फॅक्टरीचं अजून काहीच पक्कं नाही. आणि आत्ता फॅक्टरीवाल्यांचाच हिंदीत मेसेज आलाय, बँक खातं आणि पीएफ बघायची परवानगी द्या. खाली दोनच बटणं, हो आणि नाही.

नाही दाबलं तर नोकरी जाईल का? हो दाबलं तर अजून काय काय उघडं पडेल? आणि एकदा दिलेली परवानगी परत घेता येते का?

कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. पाच वाजलेत, सहाला चावी द्यायचीय.